कोंगा वाजवणाऱ्याची जागा

बाबा, ही गोष्ट तुम्ही असतानाच सांगायला हवी होती. तेव्हा धीर झाला नाही.

रिमिक्सचे दिवस होते. माझी एक कॅसेट चालली होती, पनवेलच्या रिक्षांतून माझाच आवाज यायचा. एस.टी. स्टँडमागच्या मैदानावर कार्यक्रम होता. गाणं सीडीवर वाजायचं, मी नाचत नुसते ओठ हलवायचे. सगळेच तसं करत. दुसऱ्याच गाण्याला सीडी अडकली. एकच शब्द पुन्हा पुन्हा वाजतोय आणि मी तोंड उघडं टाकून उभी. आधी शिट्ट्या आल्या, मग पाण्याच्या बाटल्या. गर्दीतून वाट काढत तुम्ही स्टेजपाशी आलात, माझा हात धरून मला खाली उतरवलंत. रोडपालीला घरी आणलंत. सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा म्हणालात, "तोंड हलवाया शिकवला व्हता का तुला मी?"

पुढच्या अल्बमचा करार मी सही न करता परत पाठवला. आता काय, हे मला ठाऊक नव्हतं; तुम्हाला होतं. उरणच्या बंदरात कामाला असताना एका परदेशी खलाशाने तुम्हाला साल्सा गाण्यांची कॅसेट दिली होती. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कोंगा, तो उंच उभा ढोल, वाजवणारे तुम्ही, भाषा कळत नसूनही ती वर्षानुवर्षं ऐकत आला होतात. आई भाकऱ्या थापायची, तुम्ही ओट्यावर दोन चमच्यांनी ठेका धरायचात, आधी तीन ठोके, मग दोन. मी ते अनोळखी शब्द वहीत देवनागरीत उतरवून गायचे. चुकले की चमचे थांबायचे. "ठेक्याच्या मागं धावू नको. त्याला येऊ दे." असे आठ महिने गेले.

मग मुंबईच्या एका हॉटेलातल्या साल्सा बँडने आवाज ऐकायला बोलावलं. तुम्ही कोंगा घेऊन सोबत आलात. आपण दोघांनी मिळून तीन गाणी केली. तुमचे हात त्या दिवशी जसे चालले, तसे मी कधी पाहिले नव्हते. बँडच्या प्रमुखाने मला आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात.

"मला घेतलं. कोंगाची जागा भरलीय म्हणाले."

"तुला घेतली ना? मंग झाला तर."

त्यानंतर तुम्ही लग्नाची कामंही सोडलीत. हात दुखतो म्हणायचात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी अजून साल्साच गाते. लोक विचारतात, ठेका इतका पक्का कुठे शिकलात? वडिलांकडे, असं मी सांगते, आणि टाळ्या पडतात.

जागा भरलेली नव्हती, बाबा. प्रमुख म्हणाला होता, "तुमचे वडील फार छान वाजवतात. दोघांनाही घेऊ या?" दाराच्या काचेतून तुम्ही दिसत होतात, रुमालाने कोंगाचं चामडं पुसताना. बँडमधली काळ्या कोटातली मुलं तुमच्या पायांतल्या रबरी चपलांकडे बघत होती. मी म्हणाले, "नको. मी एकटीच येईन."

लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, हे आईला वाचून दाखवायचं. नाही दाखवणार.