पितळी डब्यातला ओवा

राजनंदिनी,

दवाखान्यातनं तुमी दोघं घरी याल तवा मी नसंन. माझ्या भावानं धाडलेला पाळणा त्याला माघारी द्यायला कराडला चाललीय. सांजच्याला येते.

ओवा भाजून, मीठ लावून पितळी डब्यात ठेवलाय. जेवल्यावर चिमूटभर चावून खा, वर गरम पाणी पी. पोटात कळ आली तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक. इंद्रजितला म्हणावं, आईनं सांगितलंय, बाजंखाली शेगडी ठेव आन् निखाऱ्यावर ओवा टाक. बाळंतिणीला धुरी लागतीच.

शेजारची मंगल म्हणत हुती, मांडीवर लेकरू न्हाई, मग कशाची बाळंतीण? तिला उंबऱ्यावरनंच माघारी लावली. नऊ म्हयनं पोटात वागवलंस, कळा सोसल्यास. तू बाळंतीणच हाईस.

अळिवाचं लाडू मातूर शोधू नगंस. ते दूध येण्यासाठी असत्यात. मी वाटून टाकलं.

आन् माझ्याम्होरं रडू गिळू नगंस. माझ्या सासूबाईंनी मला ह्याच डब्यातला ओवा दोन बाळंतपणांत दिला. घरात वाढला एकटा इंद्रजित.