लाल पडद्याच्या कडा

मंगळवार, १४ तारीख
सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. ताईची तब्येत सुधारते आहे आणि तिचं बाळ दिवसा झोपून रात्री सगळ्यांना जागवतं, हे कळलं. मावशी झालीस, आता भोग. तुझ्या नवऱ्यानेही लहानपणी तेच केलं होतं. तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणायच्या, हा नक्की रात्रपाळीला लागणार. लागला नाही, पण उशिरा उठायची खोड मात्र राहिली.

फोन हाताशी असताना म्हाताऱ्याला पत्राची हुक्की का आली, असं वाटेल तुला. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? ‘जेवलात का, गोळी घेतलीत का, गॅस बंद केलात का’ एवढं विचारून होतंय तोवर तिकडे बाळ टाहो फोडतं. शिवाय सगळा जन्म छापखान्यात गेला माझा. हाताला कागद लागल्याशिवाय मनातलं बाहेर येत नाही. आणि आज मनात थोडं जास्त आहे. ते पुढे लिहितो, आधी घरची खबर घे.

जेवतो आहे. गोळी घेतो आहे. गॅस बंद असतो. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतो, पण ती माझ्यावर रुसली आहे. दोन पानं गाळून तिने निषेध नोंदवला आहे. तुझं ते डुगडुगणारं स्टूल काल उलटं करून त्याच्या आखूड पायाला लाकडाची चकती ठोकली. आता ते हलत नाही. इतके दिवस का नाही केलं, असं विचारू नकोस.

मोठी बातमी म्हणजे पडदेवाल्याचं काम झालं. नव्या मालाचे सगळे फोटो काल वेबसाइटवर चढले. त्याच्या फोटोवाल्याने नेहमीप्रमाणे एकेक फोटो हत्तीएवढा पाठवला होता. तसाच लावला असता तर गिऱ्हाइकाच्या फोनवर पडदा वरून खाली उघडेपर्यंत त्याने शेजारच्या दुकानातून चटई घेतली असती. मी प्रत्येक फोटो आधी मापात आणला, मग तू जोडून दिलेल्या, फोटो हलका करणाऱ्या त्या प्लग-इनमध्ये घातला. डावीकडे मूळ, उजवीकडे हलका केलेला, खाली फाइलचं वजन. तू शिकवलंस तसं दर्जाची पट्टी डावीकडे सरकवत गेलो, डोळ्याला खुपलं तिथे थांबलो आणि एक पाऊल मागे आलो. बारीक रेघांच्या पडद्यांवर पाण्यासारख्या लाटा उठत होत्या, ते एक प्रकरण झालं. पण लाटा पाहून मला हसू आलं. छापखान्यात ठिपक्यांच्या जाळीने छापलेल्या आमच्या फोटोंवर हेच भूत यायचं. जुनी ओळख निघाली. आधी किंचित मऊ केलं, मग लहान केलं, भूत पळालं.

पडदेवाला संध्याकाळी स्वतः आला होता. त्याचा तो तडा गेलेला जुना फोन पुढे करून म्हणाला, “काका, डोळा मिटून उघडेपर्यंत पान उघडतंय. सूनबाईंना थँक्यू सांगा.” मी म्हटलं, “सूनबाई गावाला आहेत. हे मी केलंय.” तर म्हणाला, “तरीच म्हटलं, या वेळी रंग जरा शहाण्यासारखे वागतायत.” मेल्याने टोमणा मारायची संधी सोडली नाही.

पण त्याचं काय चुकलं? पहिल्या वेळी मी त्याची काय गत केली होती, आठवतं ना? उभ्या जन्मात चार शाईंपलीकडे जग पाहिलेलं नाही, म्हणून मी सवयीने त्याचे सगळे फोटो छपाईच्या रंगांतच साठवून दिले. कागदावर सुरेख आले असते. स्क्रीनवर मात्र त्याचे पोपटी पडदे असे पेटले की रस्त्यावरचे दिवे फिके पडावेत. त्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आणि तू शांतपणे म्हणालीस, “चूक माझी आहे. बाबांना ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.” राहून काही गेलं नव्हतं. तू सांगितलं होतंस, मीच ‘मला शिकवतेस का’ म्हणून मान उडवली होती. फोन ठेवलास आणि चहा टाकलास.

त्या दिवशी तुझे आभार मानायचे राहिले. आणि एवढेच राहिलेत असं नाही. छापखान्याला टाळं लागल्यावर मी त्या खिडकीशी बसून काय करायचो? वर्तमानपत्रातल्या फोटोंची शाई कुठे सरकली आहे ते शोधून रस्त्याने जाणाऱ्या पेपरवाल्याशी भांडायचो. चिरंजीव म्हणायचे, “बाबा, आराम करा.” आराम! आयुष्यभर मशीनच्या आवाजात झोपलेल्या माणसाला शांततेत झोप येत नाही, हे त्याला कोण सांगणार? तू मात्र जेवणाच्या टेबलावर तुझ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी मांडून बसायचीस, आणि एक दिवस तिथूनच म्हणालीस, “बाबा, माझी अडचण झालीय. मला फोटोचा डोळा नाही, तुम्हाला आहे. मदत कराल?” वेळ जाईल तुमचा, असं म्हणाली असतीस तर मी उठून गेलो असतो. तू मदत मागितलीस. तुला फोटोचा उत्तम डोळा आहे, हे मला पुढे कळलंच. पण तोवर मी कामाला लागलो होतो.

आता ते पुढचं.

रविवारी मी आणि चिरंजीव जेवत होतो. आमचं बोलणं तुला ठाऊक आहे. ‘आलास?’ ‘आलो.’ ‘वाढू?’ ‘नको.’ बाप-लेकांचा अख्खा दिवस यात उरकतो. पण रविवारी तो आपणहून बोलला.

“बाबा, तिला त्या मोठ्या कंपनीने बोलावलंय. दुसऱ्या शहरात जाऊन राहावं लागेल. तिच्या हाताखाली पाच-सहा माणसं असतील. माझी बदलीही जमतेय.”

“मग पेढे कुठायत?” मी म्हटलं.

“ती नाही म्हणणार आहे. शुक्रवारी कळवायचंय तिला.”

“का? डोकं फिरलंय का तिचं?”

त्याने आमटी भातावर ओतली. मग म्हणाला, “तुम्ही इथून हलायचे नाहीत, हे तिला माहितीय. आणि ती म्हणते, बाबांना अजून लाल रंगाची टिक लक्षात राहत नाही. त्यांना एकटं कसं सोडू?”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्याला वाटलं मला वाईट वाटलं. त्याने पाणी पुढे केलं. बिचारा.

मास्तरीणबाई, आता नीट ऐक. लाल पडदा हलका केला की त्याच्या कडा फिसकटतात, रंग पांढऱ्या भिंतीवर पसरतो. तसं होऊ नये म्हणून प्लग-इनच्या त्या खिडकीत, उजव्या कोपऱ्यात, रंग पूर्ण ठेवण्याची एक टिक असते. ती केली की फाइल किंचित जड होते, पण कड कापल्यासारखी स्वच्छ राहते. नुसता लालच नाही, गडद निळाही तसाच वागतो, हे मी माझं मी शोधलं आहे आणि तुला अजून सांगितलेलं नाही. तू पहिल्यांदा दाखवलंस त्या दिवसापासून ही टिक मला पाठ आहे. रंगाची कड सांभाळणं हाच माझा धंदा होता गं. ती मी विसरेन?

मी वेड पांघरून पेडगावला जात होतो.

संध्याकाळी तुझं काम आवरलं की मी हाक मारायचो, “मास्तरीणबाई, लाल पुन्हा पसरला गं!” मग तू ते डुगडुगणारं स्टूल ओढत आणायचीस, टिक करायचीस, आणि उठायची नाहीस. कुठलं गिऱ्हाईक कसं आडमुठं आहे, ताईचं काय चाललंय, नवऱ्याने परत कशी किल्ली हरवली, सगळं तिथे बसून सांगायचीस. एकदा सांगता सांगता रडलीस. मी तीच फाइल बंद करून पुन्हा उघडली आणि म्हटलं, “हे बघ, परत पसरला.” तू रडता रडता हसलीस. तुझ्या सासूबाई गेल्यावर या घरात माझ्या शेजारी बसून कुणी बोललंच नव्हतं. बस जरा, असं सुनेला सांगायला जीभ रेटेना. लाल रंग बरा सापडला.

त्या लबाडीपायी तू समोर वाढलेलं ताट ढकलून देणार असशील, तर मला ते सोसणार नाही. मला काही येत नाही म्हणून तू थांबते आहेस. मला सगळं येतं. पडदेवाल्याची साइट उघडून बघ. लाल पडदे तिसऱ्या पानावर आहेत. कडा मोठ्या करून बघ. तू इथे नव्हतीस आणि मी कुणाला विचारलं नाही.

मला बरोबर न्यायचं म्हणशील, तर येईन, पाहुणा म्हणून, मनसोक्त राहीन. पण माझं गिऱ्हाईक इथे आहे. पडदेवाल्याने काल त्याच्या चपलांच्या दुकानवाल्या मेव्हण्याला माझं नाव सांगितलं. चपलांचे फोटो कधी केले नाहीत, पण चामड्याचा तपकिरी काय खोड्या करतो ते बघायची फार उत्सुकता आहे. हे सुखसुद्धा तुझंच देणं आहे. म्हातारपणी उद्याच्या कामाची वाट बघत झोपायला मिळतं, असं किती जणांना मिळतं?

एकटा पडेन का? पडेन. खोटं बोलण्याचा कोटा माझा संपला आहे. संध्याकाळ झाली की स्टुलाकडे लक्ष जाईल. पण ज्या मुलीने मला खिडकीतून उठवून पुन्हा कामाला बसवलं, तिला मी खिडकीत बसवून ठेवणार नाही.

पत्र आजच स्पीडपोस्टाने टाकतो आहे, शुक्रवारी त्यांना ‘हो’ कळव. नवऱ्याला मी सांगितलं आहे, बदलीचा अर्ज टाक म्हणून. तो ‘बरं’ म्हणाला आणि मग चक्क मला नमस्कार करून ऑफिसला गेला. आम्हा दोघांत एवढं बोलणं झालं, तेही तुझ्यामुळेच.

मग सवड काढून मला फोन कर. जेवणाचं, गोळीचं, गॅसचं आधी उरकून घे. लाल रंगाचं मी काही विचारणार नाही. तू कशी आहेस, एवढंच विचारीन, आणि सांगून होईपर्यंत ऐकत बसेन.

ताईला व बाळाला आशीर्वाद.

तुझ्यामुळे पुन्हा कामाला लागलेला, आणि तू शेजारी बसावीस म्हणून मुद्दाम ढ राहिलेला,

तुझा विद्यार्थी
बाबा