चाकाला लागलेली गोळी

जळगाव,
१७ नोव्हेंबर १९९५

प्रिय अभिमन,

हर्षला शाळेच्या नेमबाजीच्या संघात निवडली गेल्याचं दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं. त्यासाठीच गेल्या शनिवारी तिला घेऊन एअरगन निवडायला नासीरभाईंच्या दुकानात गेलो. तिथून आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. वर्गात फळ्यावर गणित अर्धवट सोडून उभा राहतो आणि पोरं एकमेकांकडे बघतात. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. पण शेवटपर्यंत वाच, मधेच ठेवू नकोस.

नासीरभाई म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा जुना कारागीर. दुकान लहान, माणूस मोठा सावकाश. त्यांनी दोन बंदुका काढून ठेवल्या. दोन्ही स्प्रिंगच्याच. नळी मधून मोडायची की आत स्प्रिंग दाबली जाते, मग छर्रा घालायचा आणि नळी पुन्हा सरळ करायची. आपली होती तशीच. एक जड, कडक स्प्रिंगची, दिसायलाच रुबाबदार. माझा हात आपोआप तिच्याकडे गेला. नासीरभाई हसले. म्हणाले, "गुरुजी, बंदूक तुम्हाला नाही, बेटीला चालवायची आहे. ताकद बघू नका, तिच्या खांद्याला काय बसतं ते बघा." जड बंदुकीची नळी मोडताना हर्षला पार लाल झाली आणि नेम धरल्यावर तिचा हात थरथरायला लागला. दुसरी हलकी, मऊ स्प्रिंगची. ती तिने सहज मोडली, गालाला लावली आणि समोरच्या लाकडी खोक्यावरच्या कागदात पाचांपैकी चार छर्रे एका नाण्याएवढ्या जागेत मारले. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! निवड झाल्यातच जमा होती.

मग मी शहाणपणा केला. म्हणालो, "छर्रे संपले तर सायकलच्या पायडलमधल्या गोळ्या चालतील ना? आम्ही कॉलेजात असताना त्याच वापरायचो. कागदाचा कपटा लावून आत ढकलायच्या."

नासीरभाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी हर्षलाच्या हातातली बंदूक काढून खाली ठेवली. "कधीच नाही," म्हणाले. "शिशाचा छर्रा आपटला की चपटा होतो, तिथंच पडतो. पोलादी गोळी चपटी होत नाही. लोखंडावर बसली तर जशी गेली तशी परत येते." त्यांनी कोपऱ्यातली ऐरण दाखवली आणि मग आमच्या मागचं दार. दाराच्या फळीत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक गोल खड्डा होता. एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून ऐरणीवर सायकलची गोळी झाडली होती, ती नासीरभाईंच्या कानाजवळून जाऊन तिथे बसली.

मी विचारलं, "ऐरणीला लागली तेव्हा आवाज कसा आला?"

"कसा येणार? टण्ण."

अभिमन, हाच आवाज मी पूर्वी ऐकला होता. मी तिथल्या स्टुलावर बसलो. हर्षला विचारत होती, "पप्पा, काय झालं?" आणि मला समोर तुमचं शेत दिसत होतं.

त्र्याऐंशी सालचा दसरा नुकताच झाला होता. ज्वारी दाण्यात आली होती आणि तुझा पितांबरभाऊ राखणीच्या माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं उडवत होता. आपण दोघं विहिरीपाशी. इंजिनाच्या लोखंडी चाकाला टेकवून मी काडेपेटी उभी केली, वीस पावलं मोजली. तू माझ्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल पुढे. त्या दिवशी छर्रे नव्हते. पायडल खोलून गोळ्या मीच काढल्या होत्या. मी झाडली, काडेपेटी हलली नाही, चाकावर टण्ण वाजलं आणि तू डोळा धरून खाली बसलास. त्याच वेळी गोफणीचा एक खडा आपल्यापासून चार हातांवर येऊन पडला. तो मी पाहिला. सगळ्यांना दाखवलाही मीच.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मी ते आठवडाभर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो आहे. आदल्या संध्याकाळी तुम्हा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कॉलेजच्या नावाखाली बंदूक घेऊन हिंडतोस, शेतात कामाला हात लावत नाहीस, असं भाऊ बोलला होता. त्यामुळे त्याने मुद्दामच मारला, हे सगळ्यांना लगेच पटलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, काहीतरी बारीक आणि कठीण लागलंय. कुणी पुढे विचारलं नाही. चावडीवर मला विचारलं तेव्हा मी शपथेवर सांगितलं, "माझी गोळी चाकाला लागली, मी आवाज ऐकला." खोटं नव्हतं रे ते! त्या आवाजाचाच मला आधार होता. चाकाला लागली म्हणजे माझा संबंध संपला, असं मी बारा वर्षं समजत आलो. आणि माझ्या त्या एका वाक्यावर पितांबरभाऊला घर सोडावं लागलं.

घरी आल्यावर हर्षलाने खोदून खोदून विचारलं. शेवटी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग पप्पा, त्या काकांना कधी सांगणार?"

रविवारी सकाळी नशिराबादला गेलो. भाऊ तिथे केळीच्या वखारीत घड ट्रकवर चढवतो. केस पार पांढरे झालेत. मला पाहून त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवला, हात पुसले, "बस सुकदेव" म्हणाला. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, मारेल. मी त्याची तयारी करूनच गेलो होतो.

पण त्याने विचारलं, "खरं शे का हाई? मंग तो दगड मना नव्हताच?"

हे ऐकून मी हादरलो, अभिमन. मला वाटत होतं, तो स्वतः निर्दोष आहे हे त्याला तरी माहीत असेल. पण नाही. त्याने मुद्दाम मारला नव्हता, पण खडा आपलाच लागला असं तोही धरून चालला होता. म्हणून तर चावडीवर तो एक शब्द बोलला नाही. आपल्या हाताने धाकट्या भावाचा डोळा गेला, हे घेऊन तो माणूस बारा वर्षं जगला. तो केळीच्या पानांच्या ढिगावर बसला आणि दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत राहिला. नंतर विचारलं ते एवढंच, "आई चालस-फिरस का अजून?"

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. तुला जे वाटेल ते कर, चावडीवर पुन्हा बोलाव, मी येऊन तेच सगळ्यांसमोर सांगेन. हे पत्र मात्र वेगळ्याच घाईसाठी आहे. येत्या सव्वीस तारखेला, रविवारी, पितांबरभाऊ दुपारच्या गाडीने साक्रीला उतरून तुमच्या घरी येतोय. त्याने नको म्हटलं होतं, "अभिमन दार लाई ली" म्हणाला, तू दार लावून घेशील अशी त्याला भीती; मीच तयार केलं. मी त्याच्या सोबत असेन. आम्ही दोघं तुझ्या अंगणात उभे राहू, तेव्हा दार कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी लावायचं, हे तुला आधीच माहीत असावं. आईलाही वाचून दाखव.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझाच,
सुकदेव