भिजत घातलेली वर्दी

माय, तुझ्या ओळखीत कुणी पुस्तकं लिहिणारी बाई होती का? खरं सांग. चौसाळ्याला आपल्या घरी पाणी प्यायला, सावलीला, कशाच्याही निमित्तानं अशी कुणी येऊन बसली होती का?

नातीनं विहाराच्या ग्रंथालयातून एक जाड कादंबरी आणून दिली. परदेशातल्या एका घराची गोष्ट, लढाई सुरू व्हायच्या आधीची. माणसं जेवतात, भांडतात, पडदे धुतात. माझी शाळा अर्धवट, बोट ठेवून वाचतो. पहिल्यापासून मला त्या घरच्या जावयाचा संशय होता, फार गोड बोलतो. पण लबाड निघाली ती आई. फौजेतल्या मुलाची रजा संपते, तो निघणार त्याच सकाळी ती त्याचा कोट पाण्यात टाकते आणि म्हणते, मळला होता.

मी पुस्तक मिटलं आणि नातीला हाक मारली. "हिला आपल्या घरातलं कुणी सांगितलं?"

"आबा, ती बाई तिकडची हाय. तिला चौसाळा ठाव तरी असंल का?"

"मग तुझी आत्या बोलली असंल. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"आत्या परदेशात कवा गेलती?" म्हणून ती जी हसत सुटली, ती थांबेचना.

तुला आठवत असेल. दादाची रजा संपली होती. गाडीची वेळ झालेली आणि अंगावर घालायची वर्दी बादलीत. बाबा ओरडतायत, "येडी झालीस का गं? आत्ता कुणी वर्दी भिजवतं?" तू खाली बघून म्हणतेस, "मळली व्हती." दादा हसतो, पिळून तशीच ओली वर्दी अंगात घालतो आणि पाणी गाळत फाट्याकडं चालू लागतो. थोड्याच दिवसांत लढाई लागली. दादा परत आला नाही.

पुढं पाहुणे जमले की दादाची आठवण निघायची, आणि तिच्यामागून तुझ्या भोळेपणाची ही गोष्ट. तेव्हा सगळ्यांच्या आधी तू हसायचीस. आता मला त्या हसण्याचाच संशय येतोय. लढाई लागणार, हे दादानं चुलीपाशी बसून तुला सांगितलं होतं का? का तुला नुसतं त्याच्या तोंडाकडं बघून कळलं? कळलं असेल, तर इतकी वर्षं आम्हाला हसू देऊन तू एकटीच काय धरून बसली होतीस?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, नातीलाही नाही. तू गेल्यावर का होईना, विचारायचं ते विचारलं. पण माय, कबूल करतो, मला खरं उत्तर नको आहे. तू भोळीच होतीस, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.