बाबांनी फोडलेली भिंत

डेस मॉईन्स, आयोवा
२ मे १९९८

प्रिय ऑल्डन,

पेपरात आपल्या घराचा फोटो आलाय. पसरट छप्पर, रुंद वळचणी, रंगीत काचांच्या खिडक्यांची ती लांबच लांब रांग, आणि पुढे छाती काढून उभा तू. खाली लिहिलंय, 'घर पुन्हा १९११ सालासारखं.' वाचून माझं डोकं फिरलं.

१९११ साली त्या घरात आपण होतो का रे? त्या थोर वास्तुशिल्पकाराने मुख्य दार असं लपवलं की पाहुण्याने आधी भिंतीला वळसा घालायचा, मग पायऱ्या चढायच्या, वळायचं आणि पुन्हा चढायच्या. आई म्हणायची, "या माणसाला पाहुण्यांचा भारी तिटकारा असणार." पोलिओने माझे पाय नेले तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. मला पाठुंगळी घेऊन चढायचास आणि वर पोचलं की म्हणायचास, "उतरा बाईसाहेब, घोडा दमला." शेवटी बाबांनी बागेकडची भिंत फोडली आणि माझ्या खुर्चीसाठी सरळ दार काढलं. गावातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली, पण बाबांनी कुणाला भीक घातली नाही.

भिंतीवरही त्यांचा जीव होताच. त्या लांबट, चपट्या विटा. आडवे सांधे खोल कोरलेले, उभे सांधे विटेच्याच रंगाने भरलेले, म्हणजे भिंत शेतासारखी आडवी पसरलेली दिसावी. त्यांनी एकेक वीट जपून काढली, पुसली आणि तळघरात रचून ठेवली. "लोर्ना चालायला लागली की परत बसवू," म्हणायचे. मरेपर्यंत म्हणत होते.

फोटोत ते दार नाही. घराचं संग्रहालय करणाऱ्या तुझ्या समितीतल्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "नशीब बघा, मूळ विटा तळघरातच सापडल्या." सापडल्या कुठल्या, तूच दाखवल्यास. आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना म्हणे गॅरेजात घराची फिल्म दाखवणार. माझं घर मी गॅरेजात बसून पडद्यावर बघायचं. लाज कशी वाटली नाही तुला?

आज उद्घाटनाचं आमंत्रण आलं. खाली तुझ्या हाताने लिहिलंयस, 'नक्की ये.' म्हणून हे पत्र. मी येतेय. गॅरेजात मात्र जाणार नाही. सगळ्या गावासमोर त्या पायऱ्यांपाशी खुर्ची लावून थांबेन. तू खाली यायचंस, पाठ वाकवायचीस आणि मला वर न्यायचंस. त्या विटा तू बसवल्यास, आता माझ्या वाटचं चालणंही तुलाच आलं.

तुझीच,
लोर्ना