चाळीस पावलं

३ तारीख, सोमवार
पोहोचले एकदाची! गुहा बघून तोंडात बोटंच घातली. छतापासून दुधाळ दगड मेणबत्तीच्या ओघळांसारखे लोंबलेत, आत नितळ तळं. खात्यासाठी या गुहेचा नकाशा काढायचाय. आठवड्यात दिला तर नोकरी कायम. आईला फोनवर सांगून टाकलं, आता कायम होऊनच येते. खोली वाटाड्याकाकांच्या बहिणीकडे मिळाली. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायलाही या मावशी तयार आहेत.

४ तारीख, मंगळवार
दिवस फुकट. काका रोज सकाळी गुहेच्या तोंडापासून पांढऱ्या खांबापर्यंत पावलं मोजतात. चाळीस भरली तरच खांबापलीकडे आत जायचं. आज एकोणचाळीस भरली. गुहा अंग चोरतेय म्हणाले आणि खुशाल चहा पीत बसले. मी म्हटलं, एखादं पाऊल लांब पडलं असेल. तर म्हणे, पन्नास वर्षांत पडलेलं नाही. आता यावर काय बोलणार, कपाळ!

५ तारीख, बुधवार
चाळीस! आत गेलो. दालनाची रुंदी सव्वीस मीटर. तासाभराने पुन्हा मोजली तर पंचवीस. मावशींनी टोक सरकवलं असणार. चिडून बोललेसुद्धा. त्यांनी सरळ दंडाला धरून मला बाहेर काढलं.

७ तारीख, शुक्रवार
काल अडतीस, आज सदतीस. मी आपली हात चोळत बसलेय. साहेबांचा फोन आला, उद्या संध्याकाळपर्यंत नकाशा हवा, नाहीतर दुसरी माणसं आहेत. काकांपुढे अक्षरशः रडले. ते म्हणाले, पोरी, नकाशा पुढच्या महिन्यातही काढता येईल. यांचं काय जातंय सांगायला!

८ तारीख, शनिवार, सकाळ
छत्तीस. काका घरी निघून गेले. मी मावशींना गळ घातली. त्या आत येणार नाहीत, तोंडाशी टोक धरून उभ्या राहतील. बाकीची मापं बुधवारी झालीत; तिथून आतल्या भिंतीपर्यंतची लांबी, एवढंच राहिलंय. एवढ्यासाठी नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवू?

अकरा वाजता, आत
पन्नास मीटर तरी भरायला हवे होते. एकतीस भरले. पुन्हा ताणून बघितलं — सव्वीस.

तळं कुठंय? तिथं भिंत आहे. ओली.

मावशी ओरडताहेत, टेप सोड, पळ. एकदाच — शेवटचं मोजते —

एकोणीस.

निघाले. खांबाजवळ वाट होती. आता टेप भिंतीतून येतेय. भिंतीतून! पलीकडून मावशी ओढताहेत, हाताला कळतंय. मीही ओढतेय.

कोपर हलत नाही. डोक्याला दगड टेकलाय, कोमट आहे. आई, मी उगाच घाई — काकांना सांगा, तुमचं पाऊल —

टेप सैल पडली. मावशी, सोडू नका, मी अजून धरून आहे, मी अजून