पाखऱ्या वयात आला

देवळाली प्रवरा,
३ डिसेंबर २०२४

ती. वैजूदादास,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

फोनवर आबांचं कण्हणं ऐकलं आणि मला पुढं बोलवेना, म्हणून लिहिते. पाखऱ्यानं आबांना गव्हाणीशी दाबलं, दोन बरगड्या मोडल्या, त्याला कारण मी आहे. तो वर्षाचा झाला तेव्हा तू डॉक्टरांना खच्ची करायला बोलावलंस. आई मेलेलं, माझ्या हातून बाटलीवर वाढलेलं वासरू म्हणून मी रडून त्यांना परत पाठवलं.

दिवाळीत त्याची मान जाड झाली होती, आवाज फुटला होता, खुरानं माती उकरून गायीकडं ओढ घ्यायचा. तू विचारलंस, तर मी हसून म्हणाले, वयात आलाय, चालायचंच. दादा, मी गुरांच्या उपचाराचा कोर्स करते. या वयात गोऱ्ह्याच्या अंगात नराचं हार्मोन चढतं आणि बाटलीवर वाढलेला तर माणसालाच दुसरा बैल समजून ढुशी देतो, हे मी परीक्षेत लिहून आलेय. घरी मात्र सांगितलं नाही. आबांना तोंड कसं दाखवू?

रागाव, पण माया तोडू नकोस.
तुझी,
सुकन्या

नेवासा,
९ डिसेंबर २०२४

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

आबा आता उशीला टेकून बसतात, चहावरून कटकट करतात, म्हणजे बरे आहेत. पाखऱ्याला डॉक्टरांनी खच्चीचा चिमटा लावला. रग उतरायला काही आठवडे जातील, तोवर वेसण आणि दोन दावी. विकायचं नाव काढलं की आबा म्हणतात, वयाचा दोष हाय, त्याचा न्हाई.

आता माझं ऐक. आधीच्या आठवड्यात त्यानं मला दोनदा पाडलं होतं. लाजेनं कुणाला बोललो नाही. त्या सकाळी त्याला सोडायला पाय उचलेना. आबांना म्हणालो, तुमचं ऐकतो तो, तुम्हीच सोडा. भ्यालो होतो गं. सत्तरीच्या माणसाला पुढं केलं.

पाकीट बंद करण्याआधी हे सगळं आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तू आंघोळ करताना मांडीवरचं काळंनिळं मला दिसलं हुतं. तू जाऊ नये म्हनूनच मी गेल्तो.

शनिवारच्या एसटीनं ये. मला एकट्याला त्यांच्यासमोर बसवत नाही.

लोभ आहे, तो असाच असू दे.
तुझा दादा,
वैजनाथ